रक्त थांबवणारे अस्तर

पटांगणावर पडून मुलाचे ढोपर फुटते, भाजी चिरताना बोट कापते. थोडे रक्त वाहते, आपण जखम दाबून धरतो आणि काही मिनिटांत रक्त थांबते. वर्गात हा प्रश्न विचारला की उत्तर तयार असते. रक्तपट्टिका, म्हणजेच प्लेटलेट, जखमेशी जमतात, रक्तद्रवातील प्रथिनांची साखळी सुरू होते, थ्रॉम्बिनमुळे फायब्रिनोजेनचे फायब्रिन होते, फायब्रिनच्या तंतूंच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी तयार होते. उत्तर बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. रक्तवाहिनी म्हणजे रक्त वाहून नेणारी नळी, आणि रक्त थांबवण्याचे काम सर्वस्वी रक्ताचे, असे आपण त्यातून नकळत शिकवतो.

मग दोन अडचणी उभ्या राहतात. धमनीतले रक्त वेगाने धावत असते. त्या प्रवाहातून वाहत जाणाऱ्या रक्तपट्टिकेला नेमके जखमेपाशी कोण थांबवते? दुसरी अडचण उलट बाजूची आहे. हेच रक्त काचेच्या परीक्षानळीत काढून ठेवले तर काही मिनिटांत गोठते, मग रक्तवाहिनीत ते आयुष्यभर पातळ कसे राहते? या दोन्ही प्रश्नांची वाट रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराकडे जाते. हे अस्तर जेमतेम एका पेशीइतक्या जाडीचे असते. त्यातील पेशींना अंतःस्तर पेशी म्हणतात. या पेशींचा अभ्यास करण्यात डेनिसा वॅग्नर या पेशीशास्त्रज्ञ स्त्रीची सारी कारकीर्द गेली. तिची हकिगत समजून घ्यायची तर थोडे मागे जायला हवे.

आतड्याच्या पडद्यातून दिसलेले दृश्य

इटलीतील तुरिन शहरात जुलिओ बिझोझेरो यांनी १८८२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आतड्यांना आधार देणारा पडदा अतिशय पातळ असतो. जिवंत गिनीपिगचा असा पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पसरला की त्यातील बारीक वाहिन्यांमधून धावणारे रक्त प्रत्यक्ष पाहता येते. तांबड्या आणि पांढऱ्या पेशींखेरीज बिझोझेरोंना त्यात रंगहीन, चपट्या, तांबड्या पेशींपेक्षाही लहान अशा चकत्या दिसल्या. वाहिनीच्या भिंतीला इजा केली की सर्वांत आधी या चकत्या तेथे चिकटत आणि त्यांचा बोळा तयार होई. रक्तपट्टिकांचे काम काय, हे अशा रीतीने उघड झाले.

त्या चिकटतात हे दिसले, पण का चिकटतात हे दिसण्यासारखे नव्हते. या प्रश्नाला पुढची चालना एका आजारी मुलीमुळे मिळाली.

ऑलंड बेटांवरचे कुटुंब

फिनलंड आणि स्वीडन यांच्यामध्ये ऑलंड नावाचा द्वीपसमूह आहे. तेथील फगले या बेटावरची पाच वर्षांची एक मुलगी १९२४ साली हेलसिंकीला एरिक फॉन विलेब्रांड या डॉक्टरांकडे आणली गेली. किरकोळ जखमेतूनही तिचे रक्त थांबत नसे. तिच्या चार बहिणी लहानपणीच रक्तस्रावाने दगावल्या होत्या. फॉन विलेब्रांड यांनी त्या कुटुंबाचा वंशवृक्ष मांडला. ६६ व्यक्तींपैकी २३ जणांत कमी-अधिक रक्तस्रावाची लक्षणे आढळली. १९२६ साली त्यांनी ही माहिती प्रसिद्ध केली.

त्यांच्या दोन निरीक्षणांना महत्त्व आहे. पहिले म्हणजे हा रोग स्त्रियांमध्येही होता. हिमोफिलिया प्रामुख्याने मुलग्यांना होतो, कारण त्याचे जनुक क्ष गुणसूत्रावर असते. येथे तसे नव्हते. दुसरे म्हणजे या रुग्णांत रक्तपट्टिकांची संख्या व्यवस्थित होती, नळीत काढलेले रक्तही ठरलेल्या वेळात गोठत होते, पण त्वचेला केलेल्या बारीक छेदातून रक्त मात्र फार वेळ वाहत राही. म्हणजे साखळीतील ठळक दुवे जागेवर असूनही रक्त थांबत नव्हते. दोष रक्तपट्टिकांच्या कामात असावा, कदाचित वाहिनीच्या भिंतीतही असावा, असा तर्क त्यांनी केला.

ती मुलगी तेराव्या वर्षी वारली. पाळी सुरू झाल्यानंतर चौथ्याच पाळीतील रक्तस्राव थांबवता आला नाही.

दोष नेमका कुठे, हे ठरायला तीस वर्षे लागली. स्वीडनच्या इंगा मारी निल्सन, मार्गारेटा ब्लॉम्बॅक आणि त्यांचे सहकारी १९५० च्या दशकात ऑलंडला गेले. रक्तद्रवातील प्रथिने थंड अल्कोहोलने वेगवेगळी करण्याची पद्धत अमेरिकेत एडविन कोह्न यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बसवली होती. त्यातील एक अंश अधिक शुद्ध करून तो या रुग्णांना दिला असता त्यांचा रक्तस्राव लवकर थांबू लागला. हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तातून काढलेला अंशही तितकाच उपयोगी पडला. याचा अर्थ सरळ होता. रक्तपट्टिका निर्दोष आहेत, रक्तद्रवात काहीतरी कमी आहे, आणि ते 'काहीतरी' हिमोफिलियाच्या रुग्णात मात्र शाबूत आहे. पुढे त्याला फॉन विलेब्रांड घटक असे नाव मिळाले. आपण त्याला सोयीसाठी 'विलेब्रांड प्रथिन' म्हणू.

उंदराच्या धमनीतील काड्या आणि नाळेतील पेशी

आता एका वेगळ्याच वाटेने आलेली गोष्ट पाहू. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत स्वित्झर्लंडचे एवाल्ड वाइबेल आणि जॉर्ज पलाडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली उंदराच्या लहान धमन्या पाहत होते. पलाडे यांना पुढे १९७४ साली पेशीच्या रचनेवरील कामासाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या दोघांना अंतःस्तर पेशींमध्ये लांबट काडीसारखी अंगके दिसली. जाडी सुमारे ०.१ मायक्रोमीटर, लांबी ३ मायक्रोमीटरपर्यंत, आणि आत एकमेकींना समांतर बसवलेल्या बारीक नळ्या. १९६४ साली त्यांनी हे वर्णन छापले. ही अंगके कशासाठी आहेत, हे त्यांना सांगता आले नाही. तरीही निरीक्षण चोख नोंदवलेले होते, त्यामुळे 'वाइबेल-पलाडे अंगके' हे नाव रूढ झाले. इतर पेशींत ती नसल्यामुळे अंतःस्तर पेशी ओळखण्याची ती एक खूणच ठरली.

तिसरा धागा प्रसूतिगृहातून आला. अंतःस्तर पेशींचा अभ्यास करायचा तर त्या शरीराबाहेर वाढवता यायला हव्यात. १९७३ साली न्यूयॉर्कमध्येच एरिक जाफी आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी बाळाची नाळ वापरली, जी एरवी टाकून दिली जाते. नाळेतील शिरेत कोलॅजिनेज हे विकर भरून थोडा वेळ ठेवले की अस्तराच्या पेशी सुट्या होतात. त्या धुऊन काढून बशीत वाढवता येतात. या पेशी अंतःस्तराच्याच आहेत याचा एक पुरावा म्हणून जाफींनी त्यांतील वाइबेल-पलाडे अंगके दाखवली. त्याच पेशी विलेब्रांड प्रथिन तयार करतात, हेही त्यांच्या गटाने त्याच वर्षी दाखवले. म्हणजे रक्तद्रवात सापडलेले प्रथिन वाहिनीच्या भिंतीत तयार होत होते.

येथे क्षणभर थांबू. अंगके आणि प्रथिन, दोन्ही एकाच बशीतील एकाच पेशीत होती. दोहोंचा संबंध जोडला जायला आणखी नऊ वर्षे गेली.

रॉचेस्टर, १९८२

डेनिसा वॅग्नर यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये रिचर्ड हाइन्स यांच्या हाताखाली संशोधन केले. त्यांचा विषय होता फायब्रोनेक्टिन. हे पेशींना आधाराशी जोडणारे मोठे, लांबट प्रथिन आहे. मोठे प्रथिन पेशीत कसे असते, ते कशाला चिकटते, ते कसे पाहावे, याचे शिक्षण त्यांना तेथे मिळाले. नंतर त्या रॉचेस्टर विद्यापीठात आल्या. तेथे व्हिक्टर मार्डर हे रक्त साखळण्याच्या विकारांचे वैद्यकीय तज्ज्ञ होते. पेशीशास्त्राची नजर आणि रुग्णालयातला प्रश्न अशा रीतीने एकत्र आले.

प्रयोगाची कल्पना साधी होती. विलेब्रांड प्रथिनालाच चिकटेल असे प्रतिपिंड घ्यायचे, त्याला चमकणारा रंग जोडायचा, नाळेतून मिळवलेल्या पेशींवर ते सोडायचे आणि पेशीत कुठे चमक दिसते ते पाहायचे. चमक पेशीभर सारखी पसरलेली नव्हती. ती लांबट काड्यांच्या रूपात दिसली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने खात्री केली तेव्हा प्रतिपिंड वाइबेल-पलाडे अंगकांवर बसलेले आढळले. वॅग्नर, जोआना ओल्मस्टेड आणि मार्डर यांनी १९८२ साली हे प्रसिद्ध केले. १९६४ मधील काड्यांना १८ वर्षांनी काम सापडले. त्या विलेब्रांड प्रथिनाची कोठारे होत्या.

यामुळे आणखी एका कोड्याचा उलगडा झाला. मिलानचे पिएर मान्नुची आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली असे दाखवले होते की डेस्मोप्रेसिन हे औषध टोचले की सौम्य आजार असलेल्या रुग्णांच्या रक्तातील विलेब्रांड प्रथिन काही वेळातच वाढते. इतक्या लवकर नवे प्रथिन तयार होणे शक्य नव्हते. ते साठ्यातून येत होते, आणि आता साठा कुठे आहे ते कळले. ज्या रुग्णांत हे प्रथिन मुळीच तयार होत नाही त्यांना या औषधाचा उपयोग का होत नाही, हेही स्पष्ट झाले, कारण त्यांचे कोठारच रिकामे असते.

धाग्याचा गुंडा

पुढील दहा वर्षे वॅग्नर यांच्या गटाने हे कोठार कसे भरते याचा पाठपुरावा केला. विलेब्रांड प्रथिनाचा एक एकक २०५० अमिनो आम्लांचा असतो. पेशीच्या आत आधी दोन-दोन एकक जोडले जातात, मग गॉल्जी पिंडात या जोड्यांच्या लांब माळा गुंफल्या जातात. सर्वांत लांब माळा इतक्या मोठ्या होतात की रक्तद्रवातील प्रथिनांत त्यांच्याएवढे मोठे दुसरे नाही. १९८६ साली या गटाने दाखवले की पेशी थोडे प्रथिन सतत बाहेर सोडत असते, पण सर्वांत लांब आणि सर्वांत प्रभावी माळा अंगकांत राखून ठेवते. थ्रॉम्बिनसारखा धोक्याचा इशारा मिळाला की हा राखीव साठा बाहेर पडतो.

१९९१ सालचा प्रयोग तर वर्गात सांगण्याजोगा आहे. ज्या पेशींत वाइबेल-पलाडे अंगके कधीच नसतात, अशा ग्रंथीच्या पेशींत त्यांनी विलेब्रांड प्रथिनाचे जनुक घातले. त्या पेशींतही तशीच कोठारे तयार झाली. डबा आधी आणि त्यात भरायचा माल नंतर, असा आपला अनुभव असतो. येथे माल स्वतःच डबा घडवत होता.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येते. अस्तर फाटले की त्याखालचे कोलॅजेन उघडे पडते. विलेब्रांड प्रथिनाची माळ एका जागी कोलॅजेनला चिकटते. एरवी ती लोकरीच्या गुंड्यासारखी गुंडाळलेली असते. एक टोक अडकले आणि वेगाचा प्रवाह तिला ओढू लागला की ती उलगडते, आणि तिच्यातील रक्तपट्टिकांना धरणाऱ्या जागा उघड्या होतात. म्हणजे ज्या वेगामुळे रक्तपट्टिका वाहून जाव्यात, तोच वेग त्यांना पकडणारा दोर ताणतो. नळीतल्या स्थिर रक्तात हा दोर ताणलाच जात नाही. म्हणूनच फॉन विलेब्रांड यांच्या रुग्णांचे नळीतले रक्त ठीक गोठत होते आणि जखम मात्र वाहत होती.

एकाच गाठोड्यात दोन कामे

१९८९ साली या कोठारांत आणखी एक प्रथिन सापडले. आज त्याला पी-सिलेक्टिन म्हणतात. ते रक्तपट्टिकांत असते हे आधीच माहीत होते. वॅग्नर आणि रॉजर मॅकएव्हर यांच्या गटांनी ते वाइबेल-पलाडे अंगकांतही दाखवले. कोठार उघडले की हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येते आणि जवळून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना धरते. जखम झाली की रक्त थांबवणे आणि जंतूंचा बंदोबस्त करणे ही दोन्ही कामे हवीत. दोन्हींची सामग्री एकाच गाठोड्यात बांधलेली निघाली.

हे खरे काम आहे हे ठरवायचे तर ते प्रथिन काढून पाहायला हवे. वॅग्नर तोवर बोस्टनमध्ये टफ्ट्स विद्यापीठात आल्या होत्या. आपले जुने मार्गदर्शक हाइन्स यांच्याबरोबर त्यांनी पी-सिलेक्टिनचे जनुक नसलेले उंदीर तयार केले. १९९३ साली त्यांच्या आतड्याच्या पडद्यातील वाहिन्या पाहिल्या गेल्या. पाहण्याची जागा बिझोझेरोंचीच होती. सामान्य उंदरात पांढऱ्या पेशी भिंतीला टेकून घरंगळत जातात. या उंदरांत ते घरंगळणे जवळजवळ नाहीसे झाले होते, आणि दाहाच्या जागी पांढऱ्या पेशी उशिरा पोचत होत्या.

१९९४ साली वॅग्नर हार्वर्ड विद्यापीठाशी संलग्न असलेल्या रक्त-संशोधन केंद्रात गेल्या. तेथे त्यांना मिळालेले प्राध्यापकपद ज्यांच्या नावाचे आहे ते एडविन कोह्न म्हणजे रक्तद्रवाचे अंश वेगळे करणारेच शास्त्रज्ञ.

अपेक्षेविरुद्ध

संशोधन ठरल्याप्रमाणे पुढे जातेच असे नाही. विलेब्रांड प्रथिन नसलेले उंदीर १९९८ साली तयार झाले. त्यांना माणसांप्रमाणेच रक्तस्राव होई. मग विलेब्रांड प्रथिन आणि फायब्रिनोजेन ही दोन्ही नसलेले उंदीर घेतले गेले. रक्तपट्टिकांना धरून ठेवणारे ज्ञात दोर हेच दोन, तेव्हा आता बोळा तयारच होणार नाही, अशी अपेक्षा होती. २००० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष वेगळा होता. जखमी धमनीत बोळा तयार झालाच. तो ठिसूळ होता, त्याचे तुकडे सुटून पुढे वाहत होते, पण झाला खरा. म्हणजे आणखी एखादा दोर असला पाहिजे. शोध घेता २००३ साली त्यातील एक दुवा हाती लागला. रक्तद्रवातील फायब्रोनेक्टिन कमी केले की बोळा वाढायला वेळ लागतो आणि तो टिकत नाही. विद्यार्थिदशेत ज्या प्रथिनापासून सुरुवात केली, तेच वीसेक वर्षांनी उत्तराचा भाग म्हणून परत आले.

दुसरे वळण पांढऱ्या पेशींनी दिले. काही पांढऱ्या पेशी आपल्या केंद्रकातील डीएनए बाहेर फेकून त्याच्या जाळ्यात जंतू पकडतात, हे बर्लिनमधील आर्टुरो झिखलिन्स्की यांच्या गटाने २००४ साली दाखवले होते. २०१० साली वॅग्नर यांच्या गटाने दाखवले की हीच जाळी रक्तपट्टिकांनाही धरतात आणि गुठळीला सांगाडा पुरवतात. पायातील खोल शिरांत होणाऱ्या गुठळ्यांतही ती असतात. एरवी फायब्रिन विरघळवणारी औषधे डीएनएच्या या धाग्यांना हात लावत नाहीत. २०२० मध्ये कोविडच्या गंभीर रुग्णांच्या फुप्फुसांतील गुठळ्यांत अशी जाळी सापडली, तेव्हा दाह आणि गुठळी यांचे नाते साऱ्या जगाला समजून घ्यावे लागले. डी-डायमर हा शब्द त्याच काळात आपल्याकडे घरोघर पोचला.

आपल्या वर्गापर्यंत

या साऱ्याचा आपल्याशी काय संबंध? गडचिरोली, नंदुरबार आणि विदर्भातील अनेक गावांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्या आजारात तांबड्या आणि पांढऱ्या पेशी वाहिनीच्या अस्तराला चिकटून वाट अडवतात आणि तीव्र वेदना होतात. या चिकटण्यात पी-सिलेक्टिनचा हात असतो. त्याला अडवणारे क्रिझानलिझुमॅब हे औषध अमेरिकेत २०१९ साली मंजूर झाले. पुढील मोठ्या चाचणीत मात्र अपेक्षित लाभ दिसला नाही, आणि २०२३ साली युरोपने दिलेली परवानगी मागे घेतली. यंत्रणा खरी असूनही त्यावरचे औषध रुग्णाला पुरेसे उपयोगी पडेलच असे नाही. विज्ञान शिकवताना हेही सांगायला हवे.

दुसरा संबंध अधिक जवळचा आहे. विलेब्रांड आजार हा आनुवंशिक रक्तस्राव-विकारांत सर्वांत अधिक आढळणारा. त्याचे जनुक बाराव्या गुणसूत्रावर आहे, म्हणून तो मुलींनाही मुलांइतकाच होतो. मात्र पाळी आणि बाळंतपण यांमुळे त्याचा जाच मुलींना अधिक. आपल्या पाठ्यपुस्तकांतून रक्तस्रावाचा आजार म्हणून हिमोफिलियाच ठसतो, आणि तो मुलग्यांचा. त्यामुळे एखाद्या मुलीला पाळीत फार रक्त जात असेल, नाकातून वारंवार रक्त येत असेल, दात काढल्यावर ते थांबत नसेल, अंगावर सहज काळेनिळे डाग पडत असतील, तर 'असते एखादीला' असे म्हणून ते बाजूला टाकले जाते. आईलाही तसेच होत असेल तर हे आमच्या घरचेच आहे, असे समाधान मानले जाते. आनुवंशिक आजारात नेमके हेच वाक्य डॉक्टरकडे जाण्याचे कारण असायला हवे. हा आजार तपासता येतो आणि त्यावर उपचार आहेत. ऑलंडच्या त्या मुलीच्या वेळी ते नव्हते.

हा पाठ घेताना कोणाचेही बोट टोचून रक्त थांबण्याची वेळ मोजण्याचा प्रयोग मात्र करू नये. त्यापेक्षा दोन प्रश्न फळ्यावर लिहावेत. वेगाने वाहणाऱ्या रक्तात रक्तपट्टिका नेमक्या जागी कशा थांबतात? नळीत ठीक गोठणारे रक्त जखमेतून का वाहत राहते? मुले काय तर्क करतात ते आधी ऐकावे, मग ही हकिगत सांगावी. ऑलंडच्या कुटुंबाची टिपणे, उंदराच्या धमनीतील काड्या आणि नाळेतील पेशी हे तीन वेगळे धागे होते. प्रत्येकाने आपले निरीक्षण, त्याचा उपयोग ठाऊक नसतानाही, नीट लिहून ठेवले होते. म्हणूनच १९८२ साली ते एकत्र विणता आले.